चौदाव्या रोज्याचा दिवा

सिराजुद्दीनने सातव्या खोक्याला नायलॉनची दोरी आवळली, खोकं छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राहिला, मनातल्या मनात स्वतःचं वजन वजा केलं आणि जाहीर केलं, "तीस किलो. बरोब्बर."

"रोज्यांनी तुझं वजन उतरलंय, ते धरलंस का भाई?" शारीकने विचारलं. तो कालच जेद्दाहून आला होता, म्हणे आवराआवरीत मोठ्या भावाला मदत करायला. आल्यापासून त्याने सांभाळला होता तो फक्त सोफा.

घरात आता पाय ठेवायला जागा नव्हती. ईद झाली की दोघांचे आई-बाप, इस्मत आणि ताजुद्दीन, कायमचे दाभोळला जाणार होते. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परतण्याचा, शिक्का लागला की अल-सीफ गावातली चाळीस-एक्केचाळीस वर्षं खलास. सिराजुद्दीनची बदली रियाधला, अल सुलैच्या गोदामांत झाली होती. बायको तबस्सुम आणि नऊ वर्षांची मुलगी लाइबा त्याच्याबरोबर तिकडे. समुद्राकडे तोंड करून बसलेलं हे घर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाचं तरी होणार होतं. आणि या सात खोक्यांतली चॉकलेटं, पिस्ते, टँगचे डबे दाभोळच्या सत्तावीस घरांत वाटले जाणार होते. गल्फमधून परतणाऱ्याने हात हलवत जायचं नसतं, हा नेम सिराजुद्दीन रोज्याइतकाच कडक पाळायचा.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि लाइबा बाहेर आली. अंगात पायघोळ हिरवा झगा, डोक्यावरून छातीपर्यंत उतरलेली काळी जाळीची ओढणी, तिच्या काठाला जर, गळ्यात कापडी पिशवी. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाईसाहेबांनी हौसेने दोन्ही गालांवर काजळाच्या तीन-तीन मिश्याही काढल्या होत्या.

"ये क्या है?" सिराजुद्दीनच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"गरगीआन, पप्पा! आज शाम को है. नबीला और सब लोग जा रहे हैं. घर-घर जाके गाना गाते हैं, एंड दे गिव्ह यू कँडी."

"हॅलोविन!" सिराजुद्दीन ओरडला. "कंपाउंडमधल्या गोऱ्यांचं खूळ आता माझ्या घरात? तोंडं रंगवून दारोदार मिठाई मागायची, तीही रमजानात?"

"अहो, हॅलोविन नव्हे," तबस्सुम मागून आली. झगा तिनेच शिवला होता, चोरून, शेजारच्या नबीलाच्या आईकडून माप घेऊन. "इथलंच आहे ते. रमजानचा अर्धा महिना झाला की इथली मुलं निघतात. तुम्ही या गावात जन्मलात, आणि मी दापोलीची. मी तुम्हाला सांगायचं?"

"तसं बघितलं तर हॅलोविनच," शारीक सोफ्यावरून म्हणाला. "भूतं तेवढी नाहीत. पण आपला भाई आहे."

"तू गप रे! तू इथला आहेस की तिथला?"

"मी आता भाभीच्या बाजूचा. सांदणं तिच्या हातात आहेत."

सिराजुद्दीनने कात्री खाली ठेवली आणि मुलीसमोर उकिडवा बसला. आवाज खाली आला. "लाइबा, बेटा, आपण इथले नाही. कितीही वर्षं राहिलो तरी नाही. त्यांच्या दारी आपण जायचं, आणि आपल्या दारी? या दिवशी आजवर कोणी आलंय आपल्या दारी? विचार तुझ्या दादीला."

सगळ्यांनी इस्मतकडे पाहिलं. ती इफ्तारीसाठी कलिंगड कापत होती. या घरात लाइबाचा शेवटचा अर्ज दादीकडे जायचा आणि तो हमखास मंजूर व्हायचा, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

"जायचं नाय," इस्मत म्हणाली. सुरी थांबली नाही. "कोणी कुठे जायचं नाय. आज मगरिबची बांग झाली की दार लागणार आणि बाहेरचा दिवा बंद. दरवर्षीसारखा."

"दादी, आप भी?" लाइबाचा ओठ थरथरला. गालावरची एक मिशी ओघळायला लागली.

कोपऱ्यात ताजुद्दीन जुन्या इंजिनाचा एक व्हॉल्व्ह फडक्याने पुसत बसला होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. हा एवढा एक व्हॉल्व्ह तो दाभोळला नेणार होता, का ते कोणी विचारलं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा व्हॉल्व्ह पुसायला लागला.

तबस्सुमला हे अनपेक्षित होतं. नवऱ्याचा विरोध तिने धरूनच ठेवला होता. नवरे असतातच त्यासाठी. पण तिची सगळी मदार सासूवर होती. अकरा वर्षांत या बाईने तिला एकदाही घालूनपाडून बोललेलं तिला आठवत नव्हतं. शेजारच्या उम्म हम्मादशी तर सासूचं एवढं सूत होतं, की रोज इफ्तारीला इकडची सांदणं तिकडे आणि तिकडची गहू-मटणाची हरीस इकडे. ताट रिकामं परत गेलं असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. मग आजच्याच संध्याकाळी हे दार का लागायचं?

तिने सासूला स्वयंपाकघरात गाठलं.

"अम्मी, शेवटचं वर्ष आहे. पोरीला रियाधला गल्ली मिळणार नाही, नबीला मिळणार नाही. एक तास जाऊ दे ना."

इस्मतने कलिंगडाचं ताट ओट्यावर ठेवलं. हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"तुला सांगते, पण कोणाला बोलू नको. मी नवीन आलेली तेव्हाची गोष्ट. वीस वर्षांची होते. सिराज पोटात. अरबी एक अक्षर येत नाय, रस्त्याला कुत्रं नाय, मला वाटायचं सगळं गाव मेलंय की काय. आणि असाच चौदावा रोजा. मगरिबनंतर दारावर थापा. उघडलं तर ही पोरं! गळ्यात पिशव्या, तोंडाने काय काय ओरडतायत. तू सांग, आपल्या दाभोळात रमजानात पिशवी घेऊन दारात कोण येतं?"

तबस्सुमच्या लक्षात आलं. "फितऱ्याचं धान्य मागणारे."

"नाय तर कोण? मला वाटलं, बिचारी गरीब पोरं. मी मापटं घेतलं, शीग लावून तांदूळ भरला, आणि पुढे होता त्या पोराच्या पिशवीत ओतला. आत बदाम होते, मिठाई होती, त्यावर कच्चा तांदूळ! पोरगं पिशवीत बघत राहिलं. मग माझ्याकडे. बाकीची एकदम गप. आणि सगळी निघून गेली."

"कोण होता तो?"

"हम्माद."

तबस्सुमने तोंडावर हात ठेवला. हम्माद म्हणजे नबीलाचा बाप. म्हणजे उम्म हम्मादचा थोरला. त्याचा बाप गावचा नाखुदा, चार बोटींचा मालक, आणि ताजुद्दीनला नोकरी-परवाना देणारा कफील. ज्याच्या सहीवर या घराची चूल पेटत होती त्याच्याच मुलाला इस्मतने भिकाऱ्याचं दान घातलं होतं.

"त्यांनी काही म्हटलं?"

"म्हणाले असते तर बरं झालं असतं गो. एक शब्द नाय. दोन महिने उम्म हम्माद माझ्याशी बोलली नाय, मग एक दिवस हरीसचं ताट घेऊन आली, जणू काय झालंच नाय. पुढच्या वर्षी पोरं परत आली. मी दिवा काढला, कडी लावली, आत बसून राहिले. दारात उभी राहून गात होती. मला वाटलं, आता उघडलं तर परत काहीतरी चुकेल. तिसऱ्या वर्षापासून दारात गायला आली नाय. माझे पोरगेही मी कधी पाठवले नाय. कोणत्या तोंडाने पाठवू? लोक म्हणतील, ही घेते बघ, आणि देताना काय देते."

चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांत सांगून झाली. तबस्सुमला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिने सासूचा हात धरला.

शारीकला मागे घेऊन दारात सिराजुद्दीन उभा होता. चिकटपट्टी शोधत आला होता. चिकटपट्टी त्याच्या मनगटातच होती.

इफ्तारीची वेळ झाली. बांग झाली, खजूर तोंडात गेले, पाणी प्यायलं, नमाज झाली. लाइबा मिश्या धुऊन, पण झगा न काढता, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सिराजुद्दीनच्या डोळ्यांसमोर दुसरीच भिंत होती. तो सात-आठ वर्षांचा, शारीक मांडीवर, आणि याच खोलीत अंधार. बाहेरून डफ वाजतोय, पोरं धावतायत. कोणीतरी खिडकीपाशी येऊन हाक मारतंय, "सिराज! या सिराज!" आणि अम्मी तोंडावर बोट ठेवून बसलीय. त्या रात्री त्याने एक गोष्ट पक्की मनाशी बांधली होती: ते सगळे आहेत, आणि आपण नाही. शाळेत, कॉलेजात, नोकरीत हीच गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा खरी वाटत आली. आज दुपारी आपल्या मुलीला त्याने तीच शिकवली होती, स्वतःची अक्कल म्हणून.

"अम्मी," तो एकदम म्हणाला, "म्हणजे मला हाक मारायचे ते खरं होतं?"

इस्मतने मान खाली घातली.

"मला वाटायचं ते चिडवतायत. मी चाळीस वर्षं या गावात पाव्हण्यासारखा वागलो, अम्मी. मापटंभर तांदळापायी!"

"भाई, हळू," शारीक उठून बसला. एरवीचा थट्टेखोर आवाज गेला होता. "तीही वीस वर्षांचीच होती रे."

"मला माहीत आहे! मला माहीत आहे म्हणून तर..."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताजुद्दीन उठला होता. त्याने दिवाणाखालचा चपलांचा डबा ओढला, त्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला बल्ब काढला. इस्मत दरवर्षी या दिवशी बाहेरचा बल्ब काढून याच डब्यात लपवायची, आणि दुसऱ्या सकाळी गुपचूप लावायची.

"तुम्हांला कसं माहीत?" इस्मतने विचारलं.

"मी मेकॅनिक आहे," ताजुद्दीन म्हणाला. "चाळीस वर्षं दर रमजानात एकच दिवा एकच रात्र बिघडतो, ते मला कळणार नाय? मी म्हटलं, तुझी तू लावशील तेव्हा लावशील. पण आता वेळ कुठे उरलीय गो?"

तो स्टूल घेऊन बाहेर गेला. गुडघे दुखत होते, तरी कोणाला चढू दिलं नाही. बल्ब फिरवला. घरावर पिवळा उजेड पडला आणि दार उघडंच राहिलं.

इस्मत उंबऱ्यापर्यंत आली ती त्याला रागवायला. रागवायचं राहूनच गेलं.

समोर समुद्रातून चंद्र वर आला होता. अर्ध्या महिन्याचा, भरलेला, तांबूस, एवढा मोठा की बंदरातल्या बोटी त्याच्यासमोर खेळण्यातल्या वाटत होत्या. पाण्यावर उजेडाचा रस्ता पडला होता तो सरळ त्यांच्या पायरीपर्यंत. आणि किनाऱ्याच्या वाटेने पोरं येत होती. दहा नाही, वीस नाही, गावातली झाडून सगळी. हिरवे, लाल, जरीचे झगे, पांढरे कुडते, कडेवरची बाळं, हातांत कंदील. पुढे एक म्हातारा डफ वाजवत चालला होता. दारादारांतून बाया ओंजळी भरून उधळत होत्या, पोरं वाकून वेचत होती, हसत होती, आणि गाणं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जात होतं. बोटींवरच्या माणसांनीही दिवे लावले होते. इस्मतने चाळीस वर्षं हा आवाज ऐकला होता. आज पहिल्यांदा तिने तो पाहिला.

"या अल्ला," ती पुटपुटली. "हे असं होतं?"

एवढं सुंदर काहीतरी दरवर्षी आपल्या दाराच्या पलीकडे दहा पावलांवर चाललेलं असायचं, आणि आपण आत कडी लावून बसायचो. तिला रडूच कोसळलं. पण डोळे पुसण्यातही तिला वेळ घालवायचा नव्हता, काही बघायचं राहून गेलं तर?

गाणं त्यांच्या घराच्या अलीकडे येऊन थांबलं. मुलं दिव्याकडे बघत उभी राहिली. मोठ्या पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. या घराचा दिवा आज लागत नसतो, हे त्यांनाही माहीत होतं, त्यांच्या आयांना माहीत होतं, आणि आयांच्या आयांना तर होतंच.

नबीला पुढे आली. घराघरातल्या पोराचं नाव गाण्यात घालतात, देवाने त्याला सुखी ठेवावं म्हणून. तिने विचारलं, "या घरच्या मुलाचं नाव काय?" वास्तविक लाइबा तिची वर्गातली मैत्रीण. पण विचारायचा रिवाज होता.

मग सिराजुद्दीन पुढे झाला.

"लाइबा," तो म्हणाला. घसा खाकरला. "बिन्त सिराज."

शंभर तोंडांनी ते नाव उचललं. डफ वाजला. आपल्या मुलीचं नाव, त्यात गुंफलेलं स्वतःचं नाव, समुद्रावरून परत येताना सिराजुद्दीनने ऐकलं. तो थिजल्यासारखा उभा राहिला.

"अरे, पण द्यायचं काय?" तबस्सुम कुजबुजली. "घरात काहीसुद्धा नाही! सगळं खोक्यांत!"

भानावर आलेल्या सिराजुद्दीनने कात्री उचलली आणि सातव्या खोक्याची दोरी कचकन कापली.

"भाई! तीस किलो!" शारीक किंचाळला.

"दाभोळवाल्यांना दाभोळात काजू मिळतात. धर!"

मग कोण कोणाच्या बाजूचं होतं हे पाहायला कोणाला फुरसत राहिली नाही. शारीक खोकी फोडत होता, तबस्सुम पिस्ते ओंजळीने देत होती, ताजुद्दीन चॉकलेटं मोजून द्यायला गेला आणि पोरांनी त्याला घेरल्यावर मोजणं सोडून दिलं. लाइबा कधी गर्दीत मिसळली, कधी नबीलाचा हात धरून पुढच्या दारी पळाली, हे तिच्या बापालाही कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की गर्दीतला तिचा हिरवा झगा आता इतर झग्यांतून वेगळा ओळखता येत नव्हता.

पाचवं खोकं संपत आलं तेव्हा गर्दी बाजूला सरली. उम्म हम्माद येत होती. काठी टेकत, एका हाताला हम्माद. तो आता पन्नाशीला आलेला, दाढीत पांढरा झालेला धिप्पाड नाखुदा होता. म्हातारीच्या दुसऱ्या हातात निळ्या काठाचं वाडगं होतं. इस्मतचंच. कालच सांदणं भरून पाठवलेलं.

इस्मतने आत डोकावून पाहिलं. वाडग्यात कच्चा तांदूळ होता.

"ती कुठे आहे?" उम्म हम्मादने विचारलं. इतक्या वर्षांच्या शेजारात तिची अरबी आणि इस्मतची दाभोळी मिळून दोघींची एक तिसरीच भाषा झाली होती. "तुझी पोर?"

तोवर परतलेल्या लाइबाला कोणीतरी पुढे ढकललं. हम्मादने तिची पिशवी उघडून धरली आणि म्हातारीने बदाम-चॉकलेटांवर तांदूळ ओतला. खळखळ आवाज झाला. मुलं हसली. हम्मादही हसला, आणि हसताना तो पुन्हा आठ वर्षांचा दिसला.

"बाई माझे, माफ कर," इस्मत रडत म्हणाली. "मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

"दोन महिने रागावले होते," उम्म हम्माद म्हणाली. "मग राग गेला. पण आमच्याकडे या रात्री पोराच्या पिशवीत आलेलं पोराच्याच पिशवीत परत जातं. मी वाट बघत होते, तुझा पोर येईल, मग तुझा दुसरा पोर येईल. तू एकाला सोडलं नाहीस! दार लावून घेतलंस. तुझ्या लाजेला हात लावायची मलाच लाज वाटली. आज दिवा बघितला आणि चप्पलसुद्धा घातली नाही."

सगळ्यांनी खाली पाहिलं. म्हातारीचे पाय खरंच अनवाणी होते, वाळूने भरलेले.

"दादी, राइस क्यों दिया?" लाइबाने जड झालेली पिशवी दोन्ही हातांनी उचलून विचारलं.

इस्मत उत्तर देणार होती. पण तिची नजर पिशवीत गेली, आणि चाळीस वर्षं तांदूळ मोजणाऱ्या बाईला जे दिसायचं ते दिसलं. तांदूळ कमी होता. तिने मापटं शीग लावून भरलं होतं. हा सपाट मापटंभरही नव्हता.

तिने उम्म हम्मादकडे पाहिलं. म्हातारीने काठीची मूठ हम्मादच्या हाती दिली आणि काठीबरोबर आवळून धरलेली आपली मूठ तिच्यासमोर उघडली. तळहातावर मूठभर तांदूळ होता.

"हा तुझा माझ्याकडे राहिला," ती म्हणाली आणि मूठ पुन्हा मिटली. "न्यायला परत ये."